पत्त्याचा रकाना

बांबोळीला, गोमेकॉत, सात नंबरच्या खिडकीआड
मी केस पेपर करते.
नाव, वय, पत्ता, धंदा.
रोगाचा रकाना माझा नाही,
तो वर, दुसऱ्या मजल्यावर भरतात.

पण अकरा वर्षं झाली.
आता माणूस पत्ता सांगू लागतो
आणि त्याचा खोकला मला आधीच ऐकू येतो.

सडा म्हणाला, की डोळ्यांसमोर येतात
कोळशाने काळे झालेले खिडकीचे गज,
आणि पंप कसा ओढायचा हे
आईलाच शिकवणारं चार वर्षांचं पोर.
पाळीचा असेल तर ट्रक कधीच थांबले,
छातीतला रस्ता अजून लाल आहे.
कांदोळीच्या हॉटेलात रोज सोळा गाद्या उचलणारी पिएदाद
गुडघ्यांवर हात ठेवूनच नाव सांगते.

कॉम्प्युटर पत्त्याला चाळीस अक्षरं देतो.
चाळिसात काय काय बसवू?

चवथीच्या आधी नेत्रावळीहून शाणू वेळीप आला.
पहाटे चारला निघालेला, तीन बसी बदलून.
उजवं पाऊल खताच्या पिशवीत, वर सुतळी.
रांगेने आपणहून चार हात जागा सोडली होती.
"कधीपासून?" मी विचारलं. विचारायचं नसतं.
"काजूंच्या आदीं, बाय."
म्हणजे फेब्रुवारी.
काजूंत खाडा केला तर भाटकार दुसरा माणूस बघतो.
मग लावणी आली.
मग बसीला पैसे नव्हते.
हे सगळं तो असं सांगत होता
जणू चूक त्याच्या पायाची होती.

त्याच आठवड्यात दोना पावलाचे रघुवीर केंकरे.
नवा बूट चावलेला, अंगठ्याशी फोड, पाच दिवसांचा.
खाजगीत दाखवून झालं होतं,
इथल्या मोठ्या डॉक्टरांचं मत हवं होतं फक्त.
ते गाडीत एसी लावून बसले,
रांगेत त्यांचा ड्रायव्हर.

दोघांची साखर जवळपास सारखी निघाली,
सिस्टर फिलोमिना डबा खाताना म्हणाली,
आणि लोणच्याची फोड माझ्या झाकणात ठेवली.
केंकऱ्यांची जखम पंधरा दिवसांत भरली.
शाणूचा पाय गुडघ्याखाली काढला.
दोन्ही कागदांवर
एकाच रोगाचं एकच नाव, एकाच अक्षरात.

ड्रायव्हरचं राहिलंच.
सत्यप्पा. गदगचा, मुक्काम झुआरीनगर.
साहेबांची फाईल आत सरकवून
हळूच म्हणाला, "मॅडम, ती साखर बघायला
किती वेळ जातो? मला रात्री
चार-चारदा उठावं लागतं."
म्हटलं, उपाशीपोटी ये, सकाळी, कार्ड घेऊन.
कार्डाला रहिवासी दाखला लागतो,
दाखल्याला वर्षं लागतात,
त्याच्याजवळ तर सकाळसुद्धा नव्हती:
साडेसहाला साहेबांना मिरामारला चालायला न्यावं लागतं.
तब्येतीसाठी.
दोघंही हसलो नाही.
हॉर्न वाजला, तो पळत गेला.
मी त्याचा कागद केला नव्हता,
त्यामुळे तो कुठल्याच आकड्यात नाही.

माझीही गोळी आहे, रक्तदाबाची,
कॉन्ट्रॅक्टचा पगार दोन महिने अडकला
तेव्हा एक दिवसाआड घेत होते.
सांखळीची पहिली बस, परतीला शेवटची.
माझा पत्ता कोणी वाचला
तर त्याला काय ऐकू येत असेल?

नोव्हेंबरात शाणू परत आला, कुबडीवर.
घर ते बसस्टॉप अडीच किलोमीटर,
मध्ये ओहळ, ओहळावर माडाचं खोड.
नवा कागद करायचा होता.
"पत्ता तोच?"
तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"तोच, बाय. खंय वचतलों?"

चाळीस अक्षरं.
तेवीस वापरली.
बाकीची जागा कोरी सोडून
मी पुढच्याला हाक मारली.