आधी तारेला दुसरा नंबर द्या

कॅल्युमेटच्या वळणावर, आमच्या शेडच्या भिंतीवर
वेइक्कोनं त्र्याहत्तर साली रंगवलं:
करवतींना धार लावून मिळेल.
खाली नंबर, वीतभर उंचीचे आकडे,
शेवटचा सात जरा वाकडा,
कारण शिडी हलली,
आणि शिडी मी धरली होती.

तो जाऊन सहा हिवाळे झाले.
धार आता मी लावते.
दगड फिरू लागला की कानात दुसरं काही शिरत नाही,
फोन तिकडे स्वयंपाकघरात वाजून वाजून दमतो
आणि लोकांना वाटतं, म्हातारीही गेली.

म्हणून ठरवलं, नंबर एप्रनच्या खिशात हवा.
आकडे तेच. भिंत नव्यानं रंगवायला
मी काही आता शिडीवर चढत नाही.

दुकानातला पोरगा म्हणाला, सोपं आहे,
इथे सही करा, मंगळवारी मोबाईलवर.
पेन कागदाला टेकलंच होतं.
सोबत सोइनींची नात होती, टेंपल,
वय सतरा, नाकात खडा, बोलणं मोजूनमापून.
थांब आइली, म्हणाली,
तुझं इंटरनेट कुठून येतं?

तारेतून. आणखी कुठून येणार?

त्याच तारेतून. त्याच नंबराच्या नावावर.
नंबर उचललास की मागे तार मेली,
आणि मेलेल्या तारेला कंपनी पुन्हा हात लावेल याचा भरवसा नाही.

माझ्यापुढे रविवार उभा राहिला:
औलूहून इंपी, माझी धाकटी बहीण,
स्क्रीनभर नुसतं कपाळ,
कॅमेरा कुठे असतो ते तिला अजून सापडलेलं नाही.
तिच्याकडे अंधारलेलं, माझ्याकडे नुकतं उजाडलेलं.
मोबाईलला इथे दोन दांड्या रेंज,
बोलण्यापुरती. कपाळापुरती नाही.

पेन ठेवलं.

मग कंपनीला फोन. चाळीस मिनिटं तीच सनई का काय ते.
टेंपलनं लिहून दिलं होतं, तसं वाचलं:
आधी या तारेला दुसरा नंबर द्या.
इंटरनेट त्याच्या नावावर करा.
जुना तोवर तसाच राहू दे, मी न्यायला येईन.
तो म्हणाला, म्हणजे लाइन बंद करायची?
नाही, म्हटलं, काहीच बंद करायचं नाहीये.
असं तीनदा.
तिसऱ्यांदा माझा आवाज वेइक्कोसारखा निघाला.

माझा बाप याच जमिनीखाली तांबं खणायचा.
त्यातलं थोडं आपल्या तारेत असणार,
असं वेइक्को म्हणायचा, विशेषतः सौनातून बाहेर आल्यावर.
मी म्हणायचे, तांब्यावर काय नाव लिहिलेलं असतं?
पण त्या मंगळवारी
मोडेमसमोर खुर्ची टाकून बसले,
हिरवा दिवा डोळ्याआड होऊ दिला नाही,
जेवणही तिथेच.

दिवा हलला नाही.
भिंतीवरचा फोन उचलून पाहिला, तो अजून गुणगुणत होता,
फक्त आता त्याचं नाव वेगळं होतं.
नवा नंबर चिठ्ठीवर लिहून मोडेमला डकवला.
जगात तो कुणालाच ठाऊक नाही.

रात्री शेडमध्ये दगड थांबवला
आणि सहज म्हणून तो लावून पाहिला.
बर्फापलीकडे, अंधाऱ्या स्वयंपाकघरात, घर वाजू लागलं.
इतक्या वर्षांत बाहेरून कधी ऐकलं नव्हतं.
आठ वेळा ऐकलं. मग थंडी वाजली.

बुधवारी एप्रन थरथरला.
कुणी तरुण, घाईतला:
बाई, दोनदा दुसऱ्याच घरी लागला,
तुमच्या भिंतीवर शेवटचा आकडा एक आहे की सात?

सात, म्हटलं.
शिडी हलली होती.
करवत घेऊन ये.