नाइस

पंचवीस वर्षं मी हा शब्द
लाल पेनानं खोडत आले.
‘रंकाळा इज नाइस. माय मदर इज नाइस.
अवर टीचर इज व्हेरी नाइस.’
समासात लिहायची : म्हणजे नक्की कसा?
पोरं दुसऱ्या दिवशी ‘गुड’ लिहून आणायची.

आमच्या घरात मात्र तो
माझ्या एबीसीडीच्याही आधी आला,
उद्यमनगरातनं, कटिंग ऑइलच्या वासासकट.
आप्पा लेथवर. शिक्षण चौथी.
शाफ्टवर बुश ठेवायचे, अंगठ्यानं नुसता रेटायचे,
आणि तो हवा सोडत सोडत
आपल्या पायानं घरात शिरल्यागत आत जायचा.
ठोकाठोकी नाही, खडखड नाही.
मग एक डोळा मिटून, ई लांबवत :
‘नाईऽस.’

दुसऱ्या कशालाच म्हणाले नाहीत.
माझ्या पहिल्या नंबराला ‘बरं झालं.’
लग्नातल्या शालूला ‘म्हाग असंल.’

पुढं एकदा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत
कोश उघडला, दुसराच शब्द शोधायला,
आणि यापाशी उभ्या उभ्या अडकले.
मूळ लॅटिन. त्यातला ‘न’
आपल्याच ‘न’च्या भावकीतला निघाला.
न जाणणारा. ज्याला ठाऊक नाही तो.
फ्रेंचांकडं गेला तेव्हा निव्वळ बावळट;
सातशे वर्षांमागं इंग्रजीत कुणाला नाइस म्हटलं असतं
तर गचांडी धरली असती.
मग बुजरा. मग नखरेल, किरकिरा,
ताटातलं निवडत बसणारा.
निवडता निवडता नजर तयार झाली बहुतेक,
कारण पुढचा अर्थ : बारीक, काटेकोर,
केसाएवढा फरक ओळखणारा.
त्यापुढं कंसात ‘आता क्वचित.’
आणि शेवटी आमच्या वह्यांतला,
सगळीकडं लागू पडणारा, कुठंच न चिकटणारा.

क्वचित, असं छापलं होतं.
पार्वती टॉकीजच्या पलीकडं
पत्र्याच्या शेडमध्ये रोज दोन शिफ्ट चालू होता तो.
कुणी शिकवला असेल? कारखान्यात आलेला कुणी साहेब,
की मशीनबरोबर आलेलं पुस्तक?
आप्पांना विचारलं. म्हणाले, आधीपास्नं हाय.

मी सगळी वंशावळ सांगितली.
ते चहाची बशी धरून ऐकत राहिले.
‘मंजे तीस वरसं मी त्या बुशाला
खुळा म्हणालतो व्हय?’
आतनं आई म्हणाली,
‘त्यात काय झालं? आपल्यात लई आवडलं की
खुळाच म्हंत्यात. टेम्पोमागं लिवलेलं असतंय.
मी न्हाई म्हनत तुमास्नी?’
आप्पा लाजले. कोशात हाही अर्थ होता, मधेच कुठंतरी.

यंदा श्रावणात आप्पा माझं नाव विसरले.
आधी गल्लीचं, मग कारखान्याचं, मग माझं.
डॉक्टरांकडं त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे.
मी त्याची व्युत्पत्ती बघितलेली नाही.

रविवारी गेले तर सोप्यात बसलेले,
मांडीवर स्टीलचा डबा, पोह्यांचा, रिकामा.
झाकण लावत होते, काढत होते.
‘आप्पा, मी वत्सू.’
‘ठावं न्हाई.’
राग नाही, ओशाळणं नाही,
रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं.
मग झाकण ठेवलं, अंगठ्यानं रेटलं,
हवा सुस्कारत बाहेर आली.
‘नाईऽस.’

आई तेलाची वाटी घेऊन आली,
‘खुळं माझं,’ म्हणत त्यांच्या टाळूला तेल थापू लागली.

काहीतरी करायचं म्हणून
मी फळीवरचा दुसरा डबा दिला.
त्यांनी काठावरनं बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण गोल.
एका जागी थांबले.
मला तिथं काहीच दिसत नव्हतं.
उजेडाकडं धरला तेव्हा दिसला :
पोचा, तांदळाएवढा.

डबा त्यांनी माझ्याकडं परत केला.