नावं ठेवणे

हेमराजनं तिकीट काढलं म्हणून गेलो.
नाहीतर सावद्याचा गिरधर पेंटर
भुसावळच्या पुढे कशाला जातो,
ते पण हनोईला.

पहिल्या दिवशी तळं दाखवलं.
म्हणे, राजानं देवाकडून तलवार उसनी घेतली,
लढाई जिंकली,
आणि तळ्यातलं कासव मागायला वर आलं
तेव्हा मुकाट्यानं देऊन टाकली.
आमच्याकडे नेलेली शिडीसुद्धा परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी विद्येचं मंदिर.
देवाच्या जागी एक गुरुजी बसलेले,
पुढे उदबत्त्या,
आणि केळी.
नजरेनंच तोलली. पिलबागेचा माल.

बाहेर पडवीत कासवं.
ब्याऐंशी.
प्रत्येकाच्या पाठीवर एक उभा दगड,
दगडावर नावं:
पाचशे वर्षांपूर्वी
परीक्षेत कोण उतरलं, कुठल्या गावचं.
डोकी गुळगुळीत,
आमच्या महादेवासमोरच्या कासवासारखी.
पोरं पेपराच्या आधी हात लावायची,
आता मध्ये दोरी बांधलीय.

मी दोरीपाशी उभा राहिलो
आणि, कसं सांगू,
टर्पेंटाइनचा वास आला.

बत्तीस वर्षं
शाळेचा गुणवंतांचा पत्रा मीच रंगवला.
दर जूनला एक नाव, पांढऱ्यात,
टक्के पिवळ्यात.
बावीस ओळींत पत्रा भरला
तेव्हा हेडमास्तर म्हणाले,
वरचं काढा, बाकीचे वर सरकवा.
काढलं.
पहिलं गेलं ते माझ्याच हातचं पहिलं:
लीलावती टोपलू बोंडे,
सन एकोणऐंशी.
बाप मालधक्क्यावर केळीचे घड वाहायचा.
तिच्या ‘ली’च्या वेलांटीला
मी जरा जास्तच रंग लावला होता.
का, ते शेवंताला सांगितलेलं नाही.
पुढे लग्नात तिचं नाव बदललं म्हणतात,
पहिलंसुद्धा.
म्हणजे ती तेवढी
त्या पत्र्यावरच होती.

सोबतच्या पोरीला, लानला, म्हटलं,
यातलं एक तरी नाव वाचून दाखव.
ती हसली.
ही जुनी लिपी, काका,
आम्ही आता दुसरी अक्षरं लिहितो.
मला नाही येत.

यांची नावं राहिली, वाचणारे गेले.
माझी कुणीही वाचली असती,
त्यांना एक हात काळा रंग पुरला.
यातलं वाईट कुठलं
ते विमानात बसेपर्यंत ठरेना.

घरी शेवंता म्हणाली, काय आनलं तठून?
मुठीएवढं दगडी कासव काढून दिलं.
येवढ्या दूरून कासव?
आपल्या मंदिरात काय कमी हाये?
म्हटलं, तिकडची कासवं नावं ठेवतात.
मंग त्यात काय,
अठी तर सारं गाव ठेवतं.

काल शाळेत जाऊन आलो.
नावांचं आता फ्लेक्स असतं,
दर वर्षी नवं, फोटोसकट.
जुना पत्रा सायकलींच्या छपराला मारलाय,
अक्षरं आतल्या बाजूला.
खाली वाकून, मान वर करून बघितलं.
पोपडे सुटलेत,
काळ्याखालून पांढरं, पांढऱ्याखालून काळं,
कुणाचे टक्के कुणाच्या आडनावाला चिकटलेले.
एका कोपऱ्यात
एक दुसरी वेलांटी वर आलीय,
जरा जाड.

खात्री नाही.
एखाद्या मीनाक्षीचीही असेल.
चष्मा घरी राहिला होता,
मी आणायला गेलो नाही.