मंगळवारची क्रियाविशेषणं

ग्रिम्सबीत सहाला वाचनालय मिटतं,
वरच्या खोलीतला दिवा तेवढा जागा.
ऑलड्रॉइड बाई फळ्यावर एक शेपूट काढतात :
एल, वाय.
ही लावली, म्हणतात, की शब्द कसा चालतो ते कळतं.

सिन्सिअरली. अर्नेस्टली. होलहार्टेडली.
शेवटचा फळ्यावर मावत नाही,
कडेला येऊन खाली वाकतो.
तेस्फालेम तो वहीत उतरवून घेतो
तेव्हा बोटांना हॅडॉकचा वास असतो,
दिवसभर कापलेल्या,
लिंबू चोळूनही न जाणारा.

पत्राच्या तळाशी, बाई सांगतात,
ज्याचं नाव ठाऊक आहे त्याला सिन्सिअरली,
ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला फेथफुली.
मागून शिलान हात वर करते :
"म्हणजे अनोळखी माणसाशी एकनिष्ठ राहायचं
आणि ओळखीच्याशी नुसतं प्रामाणिक?"
बाई चष्मा पुसतात.
एकतीस वर्षं त्यांनी गावच्या पेपरची मुद्रितं तपासली,
एका स्वल्पविरामापायी संपादकाशी अबोला धरला,
पण हे कुणी विचारलं नव्हतं.
"रीत आहे," त्या म्हणतात,
आणि खडू उगाच या हातातून त्या हातात.

गृहपाठ तपासायचा.
बोगुमिला : मी होलहार्टेडली पाव भाजते.
बरोबर.
शिलान : दंतवैद्य सिन्सिअरली म्हणाला, दुखणार नाही.
बरोबर, आणि बाजूला छोटंसं हसू.
तेस्फालेम : मी बायकोची होलहार्टेडली वाट पाहतो.
लाल पेन थांबतं. मग चालतं.
शब्दावर आडवी रेघ, समासात बारीक अक्षर :
वाट पाहणं हे बसून राहण्याचं काम,
त्यात झोकून कसं देणार?
पेशन्टली लिहा.

पुढच्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर
तो आठ घड्यांचं पत्र बाईंपुढे उलगडतो.
वी सिन्सिअरली रिग्रेट.
खाली सही, यंत्रानं उठवलेली निळी अळी.
बाई दोनदा वाचतात.
व्याकरणात एक चूक सापडत नाही.

तो तक्रार करत नाही. सांगतो फक्त,
खोलीत बशा दोन आहेत, रोज दोन्ही धुतो.
रविवारी तिची उशी उन्हात टाकतो,
ऊन नसलं तर रेडिएटरवर.
केरेनला फोन लागत नाही त्या रात्रीही
फोनच्या वेळेला दाढी करून बसतो.
"हे पेशन्टली आहे का, मिस?"

बाईंची बस चुकते. चालत घरी.
सिरिल खिडकीशी बसलेला.
गेल्या फेब्रुवारीपासून त्याला विनिफ्रेड हे नाव सापडत नाही,
तो उठून खुर्ची पुढे सरकवतो :
"बसा मॅडम. माझी बायको येईलच एवढ्यात."
केस पाण्यानं चापून बसवलेले,
बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीच्या,
कोटाची सगळी बटणं लावलेली, गळ्याजवळचंही.
अख्खा माणूस रस्त्याकडे तोंड करून.

बाई बसतात. कोट न काढताच
पिशवीतून वह्या काढतात, तेस्फालेमची वर घेतात.

छापखान्यात एक जुनी खूण होती :
चुकून खोडलेल्या शब्दाखाली ठिपके द्यायचे,
म्हणजे जुळारी समजायचा, राहू दे.
आता जुळारी नाही, छापखान्यात गालिचे विकतात.
तेस्फालेमला ही खूण कुणी शिकवलेली नाही.
तरी त्या देतात,
चौदा अक्षरांखाली चौदा ठिपके,
घाई न करता, एकेक टेकवून.
नवव्याशी हात जरा हलतो, ठिपक्याची रेघ होते.

"काय लिहिताय, मॅडम?"
"काही नाही. ठिपके."
"सावकाश होऊ द्या," सिरिल म्हणतो,
नजर बाहेरच,
"ती येईपर्यंत आहे मी इथं."