साचा कोमट कर

आधी वाटलं, पावडरच खराब आली.
मग वाटलं लिक्विड. मग वाटलं, माझा हात.

विट्यात, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी दहा बाय आठची खोली,
खुर्चीत मुळीकांची प्राजू,
परवा साखरपुडा.

नखाच्या आकाराचा पारदर्शक साचा,
आतून चमच्यासारखा खोलगट.
त्यात ॲक्रिलिकचा गोळा भरायचा,
पालथा नखावर दाबायचा,
सुकला की साचा उचलायचा,
खाली नख तयार, काचेसारखं.
हे व्हिडिओत.

माझ्याकडं साचा उचलला
की नखही त्याच्यासोबत निघून यायचं.
नाही आलं तर आत बुडबुडा,
तांदळाच्या कणीएवढा,
तोही डाव्या अनामिकेत,
नेमकं अंगठीचं बोट.

गोळा ओला घेतला, तर कडेनं ओघळून चामडीवर गेला.
कोरडा घेतला, तर रवा पडला.
एक नंबर मोठा साचा लावला, तर फट.
लहान लावला, तर नखाच्या कडा उघड्या.
प्राजू काही बोलेना,
मोकळ्या हातानं मोबाईल सरकवत राहिली.
खालचा झेरॉक्सवाला वासावरून
दोनदा जिन्यात येऊन ओरडून गेला.

रात्री आण्णांचा फोन, सेलमहून.
सत्तावीस वर्षं तिथं गलाईचं दुकान.
दिवसभर मूस, भट्टी, तेजाब,
आणि नऊनंतर आम्ही.
जेवलीस का, गिऱ्हाईक आलं का,
एवढ्या दोन प्रश्नांवर आमचा फोन चालतो.

त्या रात्री मी म्हणाले, आण्णा, बुडबुडे येतायत.

पलीकडं गप्प.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
"साचा गार असतो का?"
डिसेंबर आहे, आण्णा.
"मग कोमट कर. गार साच्यात माल बिचकतो.
आणि एकदम सरळ नको ठेवू.
एका अंगानं, तिरका, सावकाश.
हवेला जायला वाट दे.
नाही दिलीस तर ती मालातच बसून राहती.
खाली काय असतं? तेलकट?"
नख असतं.
"पुसलंस?"
पुसलं.
"पुसल्यावर बोट लावलंस?"
लावलं होतं.
नीट पुसलंय का, ते बघायला.

"आणि काढायची घाई कुणाला?"
परवा साखरपुडा आहे ना.
"मालाला साखरपुडा कळत नाही, बाय.
टिचकी मार. आवाज कोरडा आला तरच हात लाव.
ओढायचं नाही. दोन्ही बाजूंनी दाबायचं,
त्याचं तो सुटतो."

फोन ठेवल्यावर बघितलं, एकोणीस मिनिटं.

सकाळी साचे तळहातात धरून बसले,
अंड्यातून आत्ताच निघालेली पिल्लं धरावीत तसे.
मुळाशी केसभर जागा सोडली.
तिरका टेकवला, टोकाकडं हळूहळू निजवला.
हवा निघून जाताना दिसली मला,
खरंच दिसली, पुढच्या कडेनं.
टिचकी मारली. ठप्प.
थांबले. चहा सांगितला, दोघींना.
टिचकी मारली. टक्.

दहाच्या दहा.
प्राजूनं हात खिडकीत धरून फोटो काढले,
मग उगाचच माझाही एक काढला.

चौथ्या दिवशी तिचा फोन:
करंगळीचं गेलं, कणीक मळताना,
बाकीची हलत नाहीत.

माघात आण्णा आले, गावच्या जत्रेला.
मी त्यांचा हात ओढून दिव्याखाली घेतला.
तेजाबानं पिवळी पडलेली नखं,
अंगठ्याचं तर जाड, मधोमध उभी चीर.
गंमत म्हणून शून्य नंबरचा साचा काढला,
माझ्याकडचा सगळ्यात मोठा.
निम्म्या नखालाही पुरेना.

आण्णांनी तो घेतला,
उजेडाकडं धरून उलटासुलटा बघितला,
आतून करंगळीचं टोक फिरवलं.
"गुळगुळीत आहे," म्हणाले,
आणि मुठीत बंद करून धरून ठेवला,
कितीतरी वेळ,
जणू आत्ता काहीतरी ओतायचंय त्यात.

मग म्हणाले,
"त्या पोरीची करंगळी का सुटली पण?"