बारा ते दीड

शुक्रवारी जेवणाची सुट्टी मी बारा ते दीड लिहिते,
इतर दिवशी बारा ते एक.
हा वरचा अर्धा तास कुठल्या खात्यात टाकायचा
हे अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मोन्तेविदेओत, नदी जिथे समुद्र असल्याचा आव आणते
आणि वारा सिमेंटची रिकामी पोती पळवतो,
तिथे आम्ही सातव्या मजल्यापर्यंत आलोय.
जाळी आमचीच, उरलेल्या सळयांची,
विल्मारने जोडलेली. एक पाय आखूड, त्याखाली वीट.
सरपण म्हणजे साच्याच्या मोडक्या फळ्या.
फळ्यांत खिळे असतात. जेवणं उरकली की
राखेतून लोहचुंबक फिरवायचा
तो सगळ्यात नव्या माणसाने.

पैसे हेल्मेटात जमतात.
हेल्मेट ओरोस्मानकडे, कारण कुणी हात घातला
की तो मान वळवून नदीकडे बघतो.
क्रेनवरचा एदिसन खाली उतरत नाही,
उतरून चढण्यातच त्याची सुट्टी संपेल.
तो नुसता हूक सोडतो.
आम्ही बादली अडकवतो : पाव, मांस,
वाऱ्याने उडू नये म्हणून कागदावर एक खडा.
मग त्याचा घास तोच वर ओढून घेतो, सावकाश,
चाळीस मीटर.

मार्चमध्ये नवा इंजिनिअर आला.
वाईट नव्हता. सगळ्यांशी हात मिळवला,
आगीचा नियम वाचून दाखवला,
मग अर्धा तास गुणिले चौतीस माणसं
फळ्यावर मांडलं. सतरा तास.
हिशेब बरोबर होता.
बदल्यात त्याने हॉटेलात कार्यक्रम ठेवला.
फुगे होते. छातीवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या.
शेजाऱ्याची ओळख करून द्या, म्हणाली एक बाई,
तेव्हा नऊ वर्षं एकाच भिंतीला विटा लावणारा ओरोस्मान
उठून म्हणाला, "हा दार्सी.
हा झोपेत घोरतो." आणि बसला.

त्यानंतरचे तीन शुक्रवार
जो तो आपापल्या उपड्या बादलीवर,
आपापला डबा, आपापला फोन.
काम चाललं होतं. रजिस्टरात सगळं ठीक.
हूक मात्र दुपारी नुसता लोंबत राहायचा.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, पाचव्या मजल्यावरून फळी सुटली.
"ए!" असं कुणीतरी ओरडलं.
ए म्हणजे कोण? खाली सहा जण होते,
सहाही जणांनी दुसऱ्याकडे बघितलं.
फळी ज्याचा खांदा सोलून गेली
तो पोरगा तीन आठवड्यांपूर्वी लागलेला.
त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.
मला होतं. एलिओ.
माझ्या रजिस्टरात, तिसाव्या ओळीत,
माझ्याच अक्षरात,
आणि मी ते एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं.
जखम : किरकोळ, असं लिहिलं. पेन उचलायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता इंजिनिअर माझ्या खोलीत आला.
"एल्बा, ती जाळी कुठे टाकलीय?"
जिन्याखाली, ताडपत्रीमागे, मी म्हणाले.
त्याने स्वतःच ओढून काढली. शर्टावर गंज लागला.
वाळूच्या दोन बादल्या शेजारी ठेवल्या, नियम म्हणून.
माफी वगैरे मागितली नाही. कुणी वाटही बघत नव्हतं,
सगळे विल्मारच्या हातातल्या मिठाकडे बघत होते.

एलिओला त्याच्या गावाबद्दल विचारलं,
आईबद्दल, कुठल्या संघाचा, याबद्दल.
संघ चुकीचा निघाला. तासभर तोच विषय.
पहिली बादली त्यानेच हुकाला अडकवली,
आणि दुखऱ्या खांद्यासकट मान वर करून
कुणी शिकवलेलं नसताना ओरडला, "एदिसन!"
वरून हात हलला.

मग प्रश्न आला लोहचुंबकाचा.
नवा कोण? पोरगा पुढे सरकला,
पण जाळीपाशी आज दोघेही पहिल्यांदाच,
आणि एकाचा खांदा सोललेला.
विल्मारने निकाल दिला.

मी खिडकीतून बघत होते.
इंजिनिअर राखेत उकिडवा बसला होता,
खिळे निघतील तसे मोजत होता. सवयच त्याची.
दीड वाजून गेला होता.
मी दीडच लिहिलं.