हीटर एकच

बर्नलीतल्या चर्चच्या हॉलमागे एक खोली आहे,
रविवारी तिथे लहान पोरं चिकटकाम करतात.
आज आम्ही तिथे तयार व्हायचं.
हीटर एकच. तोही तबल्याला दिलाय.
इम्तियाजभाई चाटीवर बोट मारतात, मान हलवतात,
ओल्या हवेनं अर्धा सूर उतरलाय.
बाहेर त्यांची टॅक्सी मीटर बंद करून उभी.

मी भिंतीला चवडा टेकवून पोटरी ताणते.
डावा गुडघा आपलं म्हणणं मांडतो.
ऐकून घेते. आज त्याला ‘नंतर बघू’ म्हणून चालणार नाही.
औषधांच्या काउंटरमागे आठ तास उभी होते,
घोट्यांत ते आठही तास अजून आहेत,
गोल फिरवून फिरवून सैल करायचे
थंडीत बरणीच्या तळाशी बसलेल्या मधासारखे.

मान. खांदे.
मनगटं शहाणी, लगेच ऐकतात.
कंबर विचारते, वय काय आपलं?
एकोणपन्नास, मी सांगते, आणि वाकते.
बोटं फरशीपासून चार इंचांवर थांबतात.
थांबू देत.

मनाचं तापवणं वेगळं.
ते जागेवर नसतंच.
गाडी नीट लावली का ते बघायला जातं,
पहिल्या रांगेत कोण बसलंय
ते पडद्याच्या फटीतून मला न विचारता बघून येतं.
त्याला हाका मारून उपयोग नाही, काम द्यावं लागतं.
म्हणून घुंगरू.
सुती दोरी, एका पायात शंभर,
घोट्यावर वेढ्यावर वेढा,
ना सैल, ना इतका घट्ट की मुंग्या येतील.
मोजता मोजता मन येतं,
चपला दाराशी काढून गुपचूप बसतं.

तेवढ्यात डोरीन आली.
सत्तरी ओलांडलेली, कार्डिगनला एक बटण कमी.
आमच्या आधी तिचा नाच.
पिशवीतून लाकडी तळाचे बूट काढले,
फुंकर मारली, ‘बरी आहेस ना, लव्ह’ म्हणाली,
आणि खुर्चीची पाठ धरून
टाच, चवडा, टाच,
खट खट खटखट खट

मी तिसरा वेढा घेता घेता थांबले.

हा आवाज माझ्या ओळखीचा.
इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडे अठरा माग होते.
खिळ्यावरचं कॅलेंडर दिवसभर थरथरायचं.
मी त्या ठेक्यावर झोपायचे,
आणि वीज गेली की
शांततेनं दचकून जागी व्हायचे.
ताल कुठून आणलास गं, कुमुदताईंनी विचारलं होतं
पहिल्याच दिवशी, क्लासमध्ये. माहीत नाही, म्हटलं.
खोटं नव्हतं. माहीतच नव्हतं.

‘माझी आई,’ डोरीन म्हणाली, पाय न थांबवता,
‘मागावर असायची. गिरणीची फरशी ओली, दगडी.
बोटं गोठू नयेत म्हणून बायका
मागाच्या ठेक्यावर पाय आपटायच्या.
नाचबिच नंतर. आधी थंडी.’

आधी थंडी.

मी काही बोलले नाही.
इचलकरंजी समजावून सांगण्याएवढा वेळ नव्हता,
साडेसातला पडदा.
उजवा पाय ठेवला. मग डावा.
ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्,
अगदी विलंबित, तिच्या खटखटीच्या फटींमधून,
तिची जागा तिला मोकळी सोडून,
जसा धोटा जाण्यापुरता
ताणा क्षणभर उघडतो.

तिनं एक भुवई उचलली. लय थोडी वाढवली, लबाड.
इम्तियाजभाईंनी हीटरजवळून तबला उचलला,
चाट वाजवून बघितली.
चढला.

डोरीनचं कार्डिगन खुर्चीवर पडलं.
माझ्या पाठीच्या कण्यावरून एक थेंब खाली निघाला.
गुडघा गप्प होता, किंवा बोलतही असेल,
मला ऐकू येत नव्हतं.

कोणीतरी दार वाजवून म्हणालं, पाच मिनिटं.
हीटर कोणी बंद केला, आठवत नाही.